कोशिकीय श्वसन

सजीवाच्या कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) अन्नाच्या रेणूंचे टप्प्याटप्प्याने विघटन होऊन त्यांतील रासायनिक ऊर्जा मुक्त होते आणि कोशिकेला वापरता येईल अशा स्वरूपात ती साठविली जाते. या प्रक्रियेस कोशिकीय श्वसन म्हणतात. व्यवहारात श्वसन म्हणजे नाकावाटे हवा आत घेणे व बाहेर सोडणे असा अर्थ रूढ आहे. शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने ती केवळ वायूंची ने-आण होय. फुप्फुसे ऑक्सिजन मिळवितात व रक्त तो वाहून नेते. परंतु त्याचा प्रत्यक्ष उपयोग कोशिकेत होतो आणि खरे श्वसन तेथेच घडते. वनस्पतींना फुप्फुसे नाहीत, यीस्टला रक्त नाही. तरीही त्यांचे श्वसन अखंड चालू असते आणि त्याची यंत्रणा मूलतः मानवी कोशिकेतील यंत्रणेसारखीच असते. ही यंत्रणा शेवटच्या एका टप्प्यावर अडली, तर रक्त ऑक्सिजनाने भरलेले असूनही प्राणी गुदमरून मरतो. ज्वारीचे कोवळे पीक खाल्लेल्या गुरांच्या बाबतीत असेच घडते. त्याचा विचार पुढे केला आहे.

ग्लुकोज या साध्या शर्करेच्या संदर्भात संपूर्ण प्रक्रिया पुढीलप्रमाणे मांडता येते :

ग्लुकोज + ऑक्सिजन → कार्बन डाय-ऑक्साइड + पाणी + ऊर्जा

हेच समीकरण ग्लुकोजाच्या ज्वलनासही लागू पडते. १८० ग्रॅम ग्लुकोज जाळले असता सुमारे २,८०० किलोजूल (सुमारे ६७० किलोकॅलरी) ऊर्जा मिळते आणि कोशिकेत त्याचे पूर्ण विघटन झाले, तरी मुक्त होणारी एकूण ऊर्जा तेवढीच असते. भेद आहे तो रीतीचा. चुलीत ही ऊर्जा एकदम व उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. उष्णतेपासून कार्य करून घ्यावयाचे, तर एक भाग तप्त व दुसरा थंड असावा लागतो; वाफेचे एंजिन याच तत्त्वावर चालते. कोशिकेत सर्वत्र तापमान जवळजवळ सारखेच असल्याने तिला उष्णतेपासून कार्य मिळविता येत नाही. म्हणून कोशिका अन्न एकदम न जाळता अनेक लहान विक्रियांच्या मालिकेने त्याचे ऑक्सिडीभवन करते. यांतील प्रत्येक विक्रिया विशिष्ट एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या) साहाय्याने होते आणि मुक्त होणाऱ्या ऊर्जेचा काही भाग तत्काळ दुसऱ्या रासायनिक रूपात बांधून ठेवला जातो.

इतिहास : श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हॉयझर व लाप्लास यांनी १७८३ च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. त्यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून वितळलेला बर्फ व बाहेर पडलेला कार्बन डाय-ऑक्साइड यांचे मापन केले आणि कोळशाच्या ज्वलनाशी त्याची तुलना केली. हे ज्वलन फुप्फुसांत होते, अशी त्यांची समजूत होती. ते ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. याच काळात पाश्चर यांनी यीस्टच्या किण्वनाचा (आंबण्याच्या क्रियेचा) अभ्यास करून ते हवेविना चालणारे जीवन आहे असे प्रतिपादन केले. यीस्टच्या कोशिका चिरडून काढलेल्या रसानेही किण्वन होते, असे बूख्नर यांनी १८९७ मध्ये दाखविले. त्यामुळे ही क्रिया कोणत्याही गूढ जीवशक्तीची नसून रासायनिक आहे, हे सिद्ध झाले.

डेव्हिड कायलिन यांना १९२५ मध्ये केंब्रिज येथे कीटकांच्या स्नायूंत व यीस्टमध्ये लोहयुक्त रंगद्रव्ये आढळली. त्यांना त्यांनी सायटोक्रोम हे नाव दिले. ही द्रव्ये आळीपाळीने ऑक्सिडीभूत व क्षपित होतात, हे त्यांच्या वर्णपटातील पट्ट्यांवरून दिसून येत होते. १९२९ मध्ये ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) या संयुगाचा शोध जर्मनीत लोमान यांनी आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे अमेरिकेतील हार्व्हर्ड येथे फिस्क व आंध्रातून तेथे गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी लावला. हे संयुग कोशिकेतील ऊर्जेचे सर्वसामान्य वाहक आहे, हा विचार लिपमान यांनी १९४१ मध्ये मांडला. त्यापूर्वी १९३७ मध्ये जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयास आलेले क्रेब्झ यांनी शेफील्ड येथे जॉन्सन यांच्यासमवेत सायट्रिक अम्ल चक्र उलगडले होते.

प्राणी व यीस्ट यांच्यातील सायटोक्रोमे याप्रमाणे ज्ञात झाली, तरी उच्च वनस्पतींचे श्वसन याच मार्गाने चालते की नाही, हा प्रश्न शिल्लक होता. त्याच्या उत्तरात एका मराठी संशोधिकेचा वाटा आहे. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांनी मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेऊन १९३३ मध्ये बंगलोर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी अर्ज केला. तेव्हा स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी आग्रह सोडला नाही व अखेर अटींवर त्यांना प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिज येथे रिश्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी बटाट्याच्या ऊतकांवर प्रयोग केले. वनस्पतींच्या कोशिकांतही सायटोक्रोम-सी असते व ते ऑक्सिडीभवनात भाग घेते, असे त्यांना आढळले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या एंझाइमासंबंधीची हिल व भागवत यांची टीपही १९३९ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, विज्ञान विषयात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे अध्यापन व कडधान्ये, नीरा इ. खाद्यपेयांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. बटाट्याचा कंद, बैलाचे हृदय व यीस्टची कोशिका यांच्यातील ऊर्जायंत्रणा एकाच घडणीची आहे, हे आज पाठ्यपुस्तकातील सामान्य विधान वाटत असले, तरी ते अशा कामांतून सिद्ध झाले आहे.

एटीपी : कोशिकेतील बहुतेक कामे एटीपीच्या साहाय्याने चालतात. या रेणूत ॲडिनोसिनाला तीन फॉस्फेट गट ओळीने जोडलेले असतात. शेवटचा गट पाण्याच्या विक्रियेने सुटला की ॲडिनोसीन डायफॉस्फेट (एडीपी) उरते आणि प्रमाणभूत परिस्थितीत दर ग्रॅम-रेणूमागे सुमारे ३०·५ किलोजूल ऊर्जा उपलब्ध होते. ग्लुकोजाचा रेणू ही मोठ्या मूल्याची नोट मानली, तर एटीपी हे सुटे नाणे होय. स्नायूचे आकुंचन, प्रथिनांची घडण, आयनांचे परिवहन इ. लहानसहान व्यवहार नोटेने भागत नाहीत. त्यांना मोड लागते. श्वसन म्हणजे ही मोड करून घेण्याची क्रिया. मात्र हे नाणे साठवून ठेवण्याचे नव्हे. मानवी शरीरात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा अत्यल्प असतो. परंतु एडीपीपासून त्याची पुनःपुन्हा घडण होत असल्यामुळे दिवसभरात तयार होऊन खर्च होणाऱ्या एटीपीचे एकूण वजन शरीराच्या वजनाच्या आसपास जाते. म्हणूनच ही घडण काही मिनिटे जरी थांबली, तरी मेंदू व हृदय यांचे कार्य बंद पडते.

श्वसनाचे टप्पे : ज्वारीच्या भाकरीतील स्टार्चाचे पचन होऊन ग्लुकोज तयार होते व रक्तावाटे ते कोशिकांपर्यंत पोहोचते. तेथून पुढचा मार्ग तीन टप्प्यांचा आहे.

(१) शर्कराविघटन (ग्लायकोलिसिस) : ही दहा विक्रियांची मालिका कोशिकाद्रव्यात घडते. तिच्यात सहा कार्बन अणूंच्या ग्लुकोजापासून तीन कार्बन अणूंच्या पायरुव्हिक अम्लाचे दोन रेणू तयार होतात. प्रारंभी एटीपीचे दोन रेणू खर्च होतात व पुढे चार मिळतात. म्हणजे निव्वळ लाभ दोन रेणूंचा होतो. याशिवाय निघालेले हायड्रोजन अणू एनएडी या सहएंझाइमाकडे सोपविले जातात. या टप्प्यास ऑक्सिजनाची गरज नसते. तो जवळजवळ सर्व सजीवांत आढळतो. वातावरणात ऑक्सिजन साठण्यापूर्वीच्या काळात तो उत्क्रांत झाला असावा, असे मानले जाते.

(२) क्रेब्झ चक्र : पायरुव्हिक अम्ल कलकणूंत (कोशिकेतील सूक्ष्म, दुहेरी पटलाच्या घटकांत) शिरते. तेथे त्यातून कार्बन डाय-ऑक्साइडाचा एक रेणू निघून जातो व उरलेला दोन कार्बनांचा ॲसिटिल गट सहएंझाइम-ए ला जोडला जातो. हा गट चार कार्बनांच्या ऑक्झॅलोॲसिटिक अम्लाशी संयोग पावून सायट्रिक अम्ल बनते. पुढील विक्रियांत कार्बन डाय-ऑक्साइडाचे दोन रेणू बाहेर पडतात व ऑक्झॅलोॲसिटिक अम्ल पुन्हा तयार होऊन चक्र पूर्ण होते. चक्राच्या एका फेरीत एटीपीच्या तोडीचा एकच रेणू मिळतो. हायड्रोजन मात्र भरपूर निघतो व तो एनएडी आणि एफएडी हे सहएंझाइम उचलतात.

येथपर्यंत ग्लुकोजातील सहाही कार्बन अणू कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपाने मोकळे झालेले असतात; परंतु श्वासाने घेतलेल्या ऑक्सिजनाचा एकही रेणू अद्याप वापरला गेलेला नसतो. आत घेतलेल्या ऑक्सिजनापासूनच उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड बनतो, हा सार्वत्रिक समज यामुळे चुकीचा ठरतो. घेतलेल्या ऑक्सिजनाचे पाणी होते व ते तिसऱ्या टप्प्यात होते.

(३) इलेक्ट्रॉन परिवहन : कलकणूच्या आतल्या पटलात प्रथिनांचे मोठे समूह रुतलेले असतात. पहिल्या दोन टप्प्यांत ग्लुकोजाच्या एका रेणूमागे गोळा झालेल्या हायड्रोजनाच्या बारा जोड्यांतील इलेक्ट्रॉन या समूहांमधून एका वाहकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात. सायटोक्रोम-सी हा या मालिकेतील लहान, फिरता वाहक आहे. त्यातील लोहाचा अणू एका वेळी एक इलेक्ट्रॉन घेऊन अखेरच्या सायटोक्रोम ऑक्सिडेजाकडे पोहोचवितो. तेथे ऑक्सिजनाचा प्रत्येक रेणू चार इलेक्ट्रॉन स्वीकारतो व हायड्रोजन आयनांशी (प्रोटॉनांशी) संयोग पावून त्याचे पाणी होते. अशा रीतीने ऑक्सिजनाचे सहा रेणू कामी येतात. इलेक्ट्रॉन शेवटी स्वीकारणे एवढेच ऑक्सिजनाचे येथील कार्य; परंतु हे दार बंद झाले की मागची सर्व रांग थबकते.

इलेक्ट्रॉनांच्या या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेतून एटीपी कसे घडते, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते. त्याचे उत्तर ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये सुचविले. प्रारंभी त्यास मोठा विरोध झाला. पण पुढे ते सर्वमान्य होऊन १९७८ मध्ये मिचेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मते ही ऊर्जा प्रोटॉन आतल्या पटलाच्या बाहेरच्या बाजूस लोटण्यासाठी खर्च होते. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरणात पाणी अडवून उंचीवर साठविले जाते व ते खाली येताना जनित्र फिरविते. त्याचप्रमाणे पटलाबाहेर दाटलेले प्रोटॉन एटीपी सिंथेज या एंझाइमामधून आत परततात. या एंझाइमाचा एक भाग खरोखरीच चक्राप्रमाणे फिरतो व त्याच्या एका फेऱ्यात एटीपीचे तीन रेणू तयार होतात. या यंत्रणेच्या उलगड्याबद्दल बॉयर व वॉकर यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

ग्लुकोजाच्या एका रेणूपासून ३६ ते ३८ एटीपी मिळतात, असे जुन्या ग्रंथांत दिलेले असते. प्रोटॉनांचा हिशेब अधिक काटेकोरपणे केल्यावर हा आकडा ३० ते ३२ असा येतो. त्यांपैकी बहुतेक सर्व शेवटच्या टप्प्यात मिळतात. म्हणजे अन्नातील ऊर्जेपैकी सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा एटीपीत बांधली जाते. उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते व उष्ण रक्ताच्या प्राण्यांत शरीराचे तापमान राखते. नवजात बालकाच्या तपकिरी वसेत (स्निग्ध पदार्थांच्या विशिष्ट ऊतकात) प्रोटॉन एटीपी न घडविता परत येऊ दिले जातात. तेथे उष्णता हेच मुख्य उत्पादन असते.

वसा व प्रथिने : कोशिका केवळ शर्करेवर अवलंबून नसतात. वसाम्लांचे दोन-दोन कार्बनांचे तुकडे होऊन ते ॲसिटिल गटाच्या रूपाने क्रेब्झ चक्रात येतात. वसेत हायड्रोजनाचे प्रमाण अधिक असल्याने तिच्या एका ग्रॅमपासून सुमारे ९, तर कार्बोहायड्रेटांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात. प्रथिनांतील ॲमिनो अम्लांचा नायट्रोजनयुक्त गट यूरियाच्या रूपाने टाकून दिला जातो व उरलेला सांगाडा याच मार्गांना येऊन मिळतो. उपासमारीत या साठ्यांचा क्रम दिसून येतो : यकृतातील ग्लायकोजेन सुमारे एका दिवसात संपते, मग मुख्यतः वसा वापरली जाते व मेंदूही हळूहळू वसेपासून बनलेल्या कीटोन द्रव्यांवर निर्वाह करू लागतो. वसा संपत आली की स्नायूंतील प्रथिनांचा झपाट्याने क्षय होतो. दुष्काळग्रस्ताची कृशता ही या रासायनिक जमाखर्चाची दृश्य बाजू होय.

विनॉक्सिश्वसन : ऑक्सिजन अपुरा पडला, तर शर्कराविघटन चालू ठेवण्यासाठी एनएडीकडील हायड्रोजन अन्यत्र सोपवावा लागतो. वेगाने धावणाऱ्या माणसाच्या स्नायूंत तो पायरुव्हिक अम्लालाच दिला जाऊन लॅक्टिक अम्ल बनते. विरजणातील जंतूही हेच करतात. हे लॅक्टिक अम्ल वाया जात नाही. हृदय त्याचा इंधन म्हणून उपयोग करते व यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनविते. यीस्टमध्ये पायरुव्हिक अम्लापासून कार्बन डाय-ऑक्साइड व एथिल अल्कोहॉल तयार होतात. दोन्ही प्रकारांत ग्लुकोजाच्या एका रेणूमागे एटीपीचे दोनच रेणू मिळतात.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील साखर उद्योगात या क्रियेचा उपयोग मोठ्या प्रमाणावर होतो. याच जिल्ह्यात लोणी (प्रवरानगर) येथे सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीतील शर्करेचे यीस्टच्या साहाय्याने किण्वन करून मद्यार्क मिळवितात. सैद्धांतिक हिशेबाने १८० ग्रॅम ग्लुकोजापासून ९२ ग्रॅम अल्कोहॉल व ८८ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो आणि ग्लुकोजाच्या ज्वलनाने मिळाली असती त्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा अल्कोहॉलातच राहते. यीस्टला ती वापरता आलेली नसते. म्हणूनच अल्कोहॉल पेट्रोलमध्ये मिसळून इंधन म्हणून वापरता येते. [→ किण्वन].

श्वसन व साठवण : काढणीनंतरही धान्य, कंद व फळे जिवंतच असतात व त्यांचे श्वसन चालू असते. ओलसर धान्य ढिगात ठेवले, तर त्याच्या व त्यावरील बुरशीच्या श्वसनाने उष्णता व ओल वाढते, त्यामुळे श्वसन आणखी वाढते व ढीग तापून धान्य खराब होते. धान्य साठवण्यापूर्वी उन्हात खडखडीत वाळविण्याच्या प्रथेमागील कारण हेच आहे. कांद्याच्या चाळीला खालून व बाजूंनी हवा खेळती ठेवतात तीही श्वसनाची उष्णता व ओल निघून जावी म्हणूनच.

श्वसनरोध व कोवळ्या ज्वारीची विषबाधा : काही विषे श्वसनाच्या एखाद्या ठराविक टप्प्यावरच आघात करतात. बंद खोलीत पेटत्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड मुख्यत्वे रक्तातील हीमोग्लोबिनाला चिकटतो. त्यामुळे ऑक्सिजन कोशिकेपर्यंत पोहोचत नाही. सायनाइडाचे कार्य याहून वेगळे आहे. ते सायटोक्रोम ऑक्सिडेजातील लोहाला घट्ट चिकटते. ऑक्सिजन पोहोचतो, पण स्वीकारला जात नाही. न वापरलेला ऑक्सिजन नीलांमधील रक्तातही तसाच राहिल्याने ते रक्त लालभडक दिसते. प्राणी धापा टाकतो, थरथरतो, कोसळतो व कित्येकदा तासाभराच्या आतच मरतो.

पर्जन्यछायेतील ज्वारीच्या मुलखात हा अनुभव शेतकऱ्यांना परिचित आहे. ज्वारीत धुरिन हे सायनाइडयुक्त ग्लुकोसाइड असते. डन्स्टन व हेन्री यांनी ते १९०२ मध्ये वेगळे केले. ते कोशिकेतील रिक्तिकांत साठलेले असते व त्याचे विघटन करणारे एंझाइम त्यापासून वेगळ्या जागी असते. त्यामुळे उभ्या पिकाला इजा होत नाही. जनावराने पाने चावली की दोन्ही एकत्र येऊन हायड्रोसायानिक अम्ल मुक्त होते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजंतू ही क्रिया अधिक वेगाने घडवीत असल्याने गाई, म्हशी व शेळ्यामेंढ्यांना धोका विशेष असतो. कोवळी रोपे, कापणीनंतर आलेले फुटवे, पाण्याच्या ताणाने खुरटलेले व नत्रखत अधिक दिलेले पीक यांत धुरिनाचे प्रमाण जास्त असते. पीक वाढत जाते तसे ते कमी होते व पक्व दाण्यात जवळजवळ नसतेच. म्हणून कडवळ फुलोऱ्यात येण्यापूर्वी जनावरांना घालू नये, पावसाने ताण दिलेल्या शेतात भुकेली जनावरे सोडू नयेत व चारा नीट वाळवून द्यावा, असे सांगितले जाते. विषबाधा झाल्यास पशुवैद्य सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. पहिल्यामुळे काही हीमोग्लोबिनाचे असे रूपांतर होते की ते सायनाइड स्वतःकडे ओढून घेते व सायटोक्रोम ऑक्सिडेज मोकळे होते; दुसऱ्यामुळे सायनाइडाचे थायोसायनेट बनून ते मूत्रावाटे बाहेर पडते. उपचार वेळेत मिळाला, तर कोसळलेले जनावर थोड्याच वेळात उठून उभे राहू शकते. कारण त्याची फुप्फुसे, रक्त व अन्नसाठा यांत काहीच बिघाड झालेला नसतो. अडलेला असतो तो केवळ इलेक्ट्रॉनांचा शेवटचा टप्पा.

[→ एंझाइमे, किण्वन, कोशिका, चयापचय, प्रकाशसंश्लेषण, श्वसन].